कुसुमताईंचं लोह

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी अमरावतीत राजापेठेतल्या स्कॅन सेंटरवर एमआरआय बघत बसलो होतो. माझी आत्येबहीण कुसुमताई गेली होती. बातमी सांगून झाल्यावर तिचा भाऊ हळूच म्हणाला, "लोकायले हार्टचंच सांगजो..."

ताई अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिपोषण शिकवायची. संत्र्याची पानं पिवळी का पडतात, हा तिचा जन्मभराचा अभ्यास. आपल्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. ताईचं उलटं होतं. तिला लहानपणापासून थॅलेसेमिया. सतत रक्त द्यावं लागायचं आणि त्यातलं लोह यकृतात, हृदयात साचत जायचं. डोळे पिवळे का, असं कुणी विचारलं तर कावीळ सांगायची, हे घरच्यांनीच तिला शिकवलेलं. एवढी शिकलेली बाई, पण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून रक्त घ्यायला अमरावतीला यायची. लोह बाहेर काढणारी गोळी पाण्यात विरघळवून घ्यावी लागे. विभागात कुणी बघेल म्हणून तीही राहून जाई. एकदा तिनं माझ्या पडद्यावर स्वतःचं यकृत पाहिलं. लोहानं ते काळंशार दिसत होतं. "झाडाले भेटत नाही, अन् मले सोडत नाही," एवढंच ती बोलली आणि तोंड फिरवून बसली.

मागच्या हिवाळ्यात नांदगाव खंडेश्वरला ती बागायतदारांशी बोलायला गेली, मीच गाडीनं नेलं होतं. सभा उठताना एका शेतकऱ्यानं खालच्या आवाजात विचारलं, पोरीला सारखं रक्त द्यावं लागतं, सोयरिकीत सांगावं का? ताई उठणाऱ्या बागायतदारांकडे वळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "सांगा दादा. मलेबी तेच हाये."

परतीच्या वाटेवर मात्र ती पदरानं तोंड पुसत राहिली. लोकं काय म्हणत असतील, एवढंच तिनं दोनदा विचारलं. त्यानंतर ती गोळ्या नेमानं घेऊ लागली, पण तोवर हृदय थकलं होतं.

परवा तो शेतकरी मुलीला तपासणीसाठी घेऊन आला. आत आल्यावर मुलीनं विचारलं, "त्या मॅडम कायनं गेल्या?"

भावाचा शब्द आठवला... तरी खरं तेच सांगितलं. गोळी लपवायची, राहून जायची, म्हणून.

मुलगी खाली बघत राहिली. "होस्टेलवर मीबी लपवतो," ती म्हणाली.

ती मशीनवर आडवी झाली. ताई व्हायची तशीच, डोळे घट्ट मिटून.