व्हिसा गेला की टीम गेली

बाबांचा फोन जुलैत आला, शुक्रवारी सकाळी. त्या वेळेला शारजातून कधीच फोन येत नाही, कारण तेव्हा आमच्या हॉलमध्ये बेसबॉलचे पॉइंट चाललेले असतात. "गद्रे गेले गं. पुण्यात. झोपेतच." मागून कुणीतरी हिंदीत विचारत होतं, आज खेलना है कि नहीं... मी मुंबईत आमच्या संघटनेच्या ऑफिसात उभी होते आणि हातात बांधकाम मजुरांसाठी छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. मला रडू आलं नाही, राग आला. या माणसाशी माझं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि तो परस्पर निघून गेला होता. महिना उलटला तरी राग उतरत नाही, म्हणून लिहिते आहे. गेलेल्या माणसाला धुऊनपुसून वाचकांसमोर ठेवायचं मला जमणार नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं.

गद्रेकाका शारजात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. औद्योगिक क्षेत्रात तेलविहिरींची अवजारं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं, त्याचं स्टोअर त्यांच्याकडे. मॅनेजर अमेरिकन. त्याच्याकडे तिकडचं वर्तमानपत्र यायचं, चांगलं आठवडाभर शिळं. त्याचं वाचून झालं की खेळाचं पान काका घरी आणायचे. एका बाजूला अख्खं शारजा क्रिकेटसाठी वेडं झालेलं, स्टेडियमच्या तिकिटांसाठी लोक एकमेकांचे पाय धरायचे, आणि हा माणूस चष्मा कपाळावर चढवून बारीक टायपातले बेसबॉलचे आकडे वाचत बसायचा. बाबा म्हणायचे, "गद्रे, गिल्लीदांडू तरी बरा, निदान दिसतो." काका म्हणायचे, "दिसतंय त्यात डोकं काय लागतं?" एकही सामना न बघता त्यांनी तो खेळ स्वतःचा करून घेतला. आणि मग नव्वदीच्या दशकात कधीतरी आमच्या बिल्डिंगीत कागदी लीग सुरू झाली.

कागदी लीग म्हणजे सोपं होतं. सीझनच्या आधी आम्हा पोरांसकट सगळ्यांनी जमायचं आणि अमेरिकेतले खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे. याला वाटप म्हणत. मग तिकडे तो खेळाडू जसा खेळेल तसे इकडे तुमच्या टीमला पॉइंट. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी काकांकडे जमायचं, काकूंच्या हातचे पोहे खायचे आणि काका उभे राहून निकाल वाचणार. बसून वाचलेलं त्यांना चालायचं नाही. खेळाडूंचे चेहरे आम्ही कुणी कधी पाहिले नव्हते, म्हणून काकांनी त्यांना आपली नावं दिली होती. पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवणारा तो उतावळा. समोरच्याला एक धाव देणंही ज्याच्या जिवावर यायचं तो चेंडू टाकणारा पिचर म्हणजे कोकणस्थ, आणि हे नाव ठेवणारे स्वतः गद्रे. आम्ही पोरं इंग्लिशमध्ये भांडायचो, मोठे मराठी-हिंदीत, आणि काकांनी "खलास" म्हटलं की तो पॉइंट संपला.

हा कोकणस्थ होता जोसेफच्या टीममध्ये. जोसेफ केरळचा. काकांच्या वर्कशॉपशेजारच्या गॅरेजात मेकॅनिक, कंपनीच्या खोलीत सहाजणांत राहायचा. आमच्या त्या सगळ्या फॅमिलीवाल्या गर्दीत तो एकटाच तसा. काकांनीच त्याला आणला होता, हे मी मान्य करते. त्याच्या तोंडी कोकणस्थचं 'कोकनस' झालं होतं. "गद्रेसाब, आज मेरा कोकनस का पहले बताओ," तो म्हणायचा, आणि काका मुद्दाम त्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचे. त्या वर्षी जोसेफ पहिला होता आणि बाबा दुसरे. तिसऱ्या नंबरावरून काका दर शुक्रवारी त्याला ऑफर द्यायचे, कोकणस्थ दे आणि माझे कुठलेही दोन घे. जोसेफ नुसता मान हलवून पोहे खायचा.

लीगचा एकच नियम काकांनी लिहिल्यासारखा पाळला : व्हिसा गेला की टीम गेली. कारण साधं होतं. सुरुवातीला कुणीतरी सुट्टीवर गावी गेला तो परतलाच नाही, त्याचे खेळाडू सीझनभर अडकून पडले. म्हणून नियम. ज्याचा इथला व्हिसा रद्द होईल त्याची टीम मोडायची आणि उरलेल्यांनी वाटून घ्यायची. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्या देशात माणूस स्पॉन्सरच्या, म्हणजे मालकाच्या, एका सहीवर राहतो, तिथे पाहुण्यांनी बसून आपल्या करमणुकीलाही तोच कायदा लावला. नियम वाकडा आहे हे दिसायला बाहेरचा माणूस लागला असता, आणि बाहेरचा कुणी तिथे नव्हताच.

मग त्याच सीझनमध्ये जोसेफ गॅरेजवाल्याशी भांडला. एसी बंद पडलेल्या खोलीत झोपणार नाही, म्हणाला. मालकाने त्याचा व्हिसा रद्द केला. पुढच्या शुक्रवारी जोसेफ आला नाही. काका उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जोसेफ खलास. वाटप करू." मी तेव्हा शाळेत होते. म्हटलं, "दॅट्स नॉट फेअर, काका. तो पहिला आहे." ते म्हणाले, "लीग इथली आहे. जो इथे नाही, त्याची टीम कशी?" आणि शेवटच्या नंबरावर असलेल्याने आधी निवडायचं, ही रीतही त्या दिवशी कुणाला आठवली नाही. सर्वांत आधी काका बोलले, "कोकणस्थ माझा."

मी पुढे शिकायला मुंबईला आले. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की तिथला रहिवासी व्हिसा आपोआप मरतो, तसा माझाही मेला. ज्या गावात मी दात पाडले तिथे आता मी व्हिजिट व्हिसावर जाते. माझी टीमही मोडली असणार, हे मी धरून चालले होते, विचारायची गरज वाटली नाही, आणि सुट्टीत गेले तरी निकाल ऐकायला थांबत नसे. कॉलेजात संघटनेत शिरले, गल्फला जाणाऱ्या मजुरांसाठी पत्रकं लिहू लागले. सुट्टीत शारजाला गेले की काका दार उघडताच म्हणायचे, "या कॉम्रेड. आज कुणाला उलथवायचं?" मी जोसेफबद्दल विचारलं की ते पोह्यांकडे वळायचे. एकदाच चिडून म्हणाले, "तू लिहितेस ते बरोबर असेल. पण इथे काही वाटत फिरू नकोस. तुझ्या बाबांची नोकरी आहे अजून." त्या एका वाक्यात सगळं गल्फ होतं, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते.

गेल्या वर्षी त्यांचं वर्कशॉप बंद झालं. काकांचा व्हिसा रद्द झाला आणि ते काकूंसह पुण्याच्या फ्लॅटवर आले. लीग खाली आमच्या हॉलमध्ये आली. फेब्रुवारीत मी भेटायला गेले. घरात नवा कॉम्प्युटर होता. आता अमेरिकेतले आकडे त्याच दिवशी मिळत होते आणि ते ऐकायला कुणी नव्हतं. खोलीत ते सारखे येरझाऱ्या घालत होते. काकू म्हणाल्या, "बसा हो जरा, ती पोर मान वळवून दमली." ते खिडकीशी थांबले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बाबा काही म्हणाले का गं... यंदाच्या वाटपाबद्दल? माझं काय ठरलं?" मला कळलं. ज्यांच्या नियमाने इतक्यांच्या टीमा मोडल्या, त्यांना स्वतःची ठेवायची होती, आणि ते मागता येत नव्हतं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझ्या टीमला यंदा एक बरा कॅचर घ्यायला सांग बाबांना. मी आता नाहीये तिथे."

"माझी टीम?"

"मग? मीच बघत होतो इतके दिवस. पोरगी शिकायला गेलीये, तिची कशी मोडायची?"

माझा आवाज चढला. म्हटलं, "आणि जोसेफ काय शिकायला गेला नव्हता म्हणून? माझाही व्हिसा गेलाच होता ना, काका? मी पोह्यांच्या बाजूची आणि तो गॅरेजच्या, एवढाच तुमचा नियम."

काकू आत निघून गेल्या. काका खिडकीपासून वळले. मग म्हणाले, "चहा घेऊन जा." मी चहा न घेता निघाले. त्यानंतर आमची भेट नाही.

पुढचं मला बाबांनी सांगितलं, काका गेल्यावर. मार्चमध्ये वाटपाच्या दिवशी सगळ्यांनी एकमताने नियम काढून टाकला आणि काकांना पुण्याला फोन लावला, तुमची टीम आहे तशी राहील म्हणून. काकांनी नको म्हणून सांगितलं. म्हणाले, "आधी जोसेफला शोधा. त्याची त्याला द्या. मग माझं बघू." कुणाकडे जोसेफचा नंबर नव्हता. इतकी वर्षं एका खोलीत पोहे खाल्ले आणि त्याच्या गावाचं नावही कुणाला सांगता येईना. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" बाबा म्हणाले, "गद्रे म्हणाले, तिला सांगू नका. तिला वाटेल तिच्यामुळे केलं."

काका गेल्यावर बाबांनी खरंच शोध घेतला. उन्हात औद्योगिक क्षेत्रातली गॅरेजं पालथी घातली आणि एका जुन्या मेकॅनिककडून नंबर मिळवला. जोसेफ आता कोट्टयमजवळ टॅक्सी चालवतो. बाबांनी सगळं सांगितलं, टीम परत देतो म्हणाले. तो आधी गद्रेसाबांबद्दल विचारत राहिला, काय झालं, कधी झालं, काकू कशा आहेत. मग म्हणाला, "टीम का छोड़ो, साब. वो तो मैं भूल गया. मेरा फ्लाइट फ्रायडे को था... कोई मिलने नहीं आया, वो याद है." बाबांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं, स्वतःला वगळलं नाही. त्याबद्दल मी त्यांना मानते.

जोसेफ खेळणार नाही. म्हणजे काकांची अट कधीच पुरी होणार नाही. तरीही बाबांनी काकांची टीम पुन्हा मांडली आहे, गेल्या सीझनला होती तशीच, त्यांनी नको म्हटलेलं असताना. तिच्यात बदल करायला कुणी नाही. कुणी जखमी होतो, कुणाला संघ काढून टाकतो, तरी त्याच्या जागी दुसरा येत नाही, आणि दर आठवड्याला ती टीम थोडी थोडी रिकामी होत चालली आहे. बाबा शुक्रवारी उभे राहतात आणि बाकी सगळ्यांचं झालं की गद्र्यांच्या खेळाडूंची नावं एकेक करून वाचतात. मी त्यांना म्हटलं, थांबवा हे, त्यांच्या मनाविरुद्ध आहे. बाबा म्हणाले, "तू ये आणि तू थांबव." परवा मी फोन धरून ऐकत होते. उतावळ्याला चार. पुढच्याला शून्य. त्याच्या पुढच्यालाही शून्य... मी थांबवलं नाही. यादी संपेपर्यंत हॉलमध्ये सगळेच उभे होते, कुणी बसलं नव्हतं, असं बाबा म्हणाले.