वाऱ्यातला ओळंबा
जुन्या पेटीत भिंत सरळ आहे का ते पाहायचा माझा गवंडीकामाचा ओळंबा सापडला आणि तापीच्या पुलावरची ती संध्याकाळ आठवली. समोर नवी काचेची उंच इमारत चमकत होती आणि लोक फोटो काढत होते. "आपलं सुरत दुबई झालं, भाऊ!" त्याच इमारतीच्या कामावरून, "काका, हात थरथरतो तुमचा, घरी बसा," म्हणत मुकादमाने मला चारचौघांत हाकललं होतं. मी भर वाऱ्यात ओळंबा धरला आणि म्हणालो, "बघा, इमारत कललीय." "अरे, काका सही बोलते हैं!" गर्दी ओरडली. बोभाटा झाला, मुकादमाची नोकरी गेली, बायकोपोरांसह तो गोडादऱ्यातली खोली सोडून गावी परतला. मी त्या दिवशी पोटभर जेवलो. वाऱ्यात ओळंबा हलतो, म्हणून तो बादलीतल्या पाण्यात बुडवून धरतात, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. काल बादली घेऊन पुन्हा पुलावर गेलो. दोरा इमारतीच्या कडेशी तंतोतंत जुळला. या वेळी बघायला कुणीच थांबलं नाही.