अठरा मिलिमीटर खालचं ‘उत्तम’

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे. लिफ्टची तब्येत उत्तम, मध्यम की खराब, ते तिच्यावर उमटतं. ती मोजणी मीच बसवून दिली होती. वाळूजच्या कारखान्यात माझं कामच ते. या कामात ‘उत्तम’ आणि ‘खराब’ यांच्यात भिंत नसते, उतार असतो. मजल्याच्या पाच मिलिमीटर खाली थांबली तर लिफ्ट पूर्ण उत्तम, पंचवीस खाली थांबली तर पूर्ण खराब, पंधराला निम्मी-निम्मी. उतार कुठं सुरू करायचा हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. घाण शिरते ती तिथूनच.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट अठरा मिलिमीटर खाली थांबायला लागली. पाटी खराबकडं झुकली. दुरुस्तीवाल्याला बोलवा, असं मी सेक्रेटरींना सांगितलं. ते मूळचे सोयगावचे, इथं नोकरीला. चौथ्या मजल्यावरचा स्वतःचा फ्लॅट त्यांनी विकायला काढला होता.

“साहेब, महिनाअखेर वेरूळचं गिऱ्हाईक येतंय. तेवढी पाटीची रेघ जरा सरकवा की.”

“रेघ सरकवून लिफ्ट वर येत नाही.”

“व्हय, पण गिऱ्हाईक काय फूटपट्टी घेऊन येतंय का? तुमच्यासारखे लई नसतात.”

मी नकार दिला. त्यांनी मेकॅनिककडून करून घेतलं. आता उतार विसावर सुरू होऊन चाळिसावर संपत होता. म्हणजे अठरा पूर्ण उत्तम. पाटीवर हिरवा दिवा. कमिटीच्या बैठकीत एकानं लिफ्ट सुधारल्याचं कौतुक केलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चहा न घेताच उठलो.

सेक्रेटरींच्या शेजारच्या काकू, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रोज वॉकर घेऊन खाली बाकावर येणाऱ्या, दिसेनाशा झाल्या. मी त्यांचं दार वाजवलं.

“लिफ्टच्या दारात वॉकर अडतो रे,” त्या म्हणाल्या. “आधी वाटलं लिफ्टचंच काही असेल. पण पाटी तर उत्तम म्हणते. म्हणजे माझाच पाय उचलत नाही. सून परत डॉक्टरांकडं नेणार आहे.”

मी घरून स्टीलची पट्टी आणली, लिफ्टच्या दारात वाकून उभी धरली.

“काकू, हे बघा, अठरा मिलिमीटर. पाय ठीक आहेत तुमचे.”

“मग पाटी?”

“तिला तसं म्हणायला लावलंय.”

त्या पट्टीकडं बघत राहिल्या. “लंगडी लिफ्ट, आणि घरात कोंडून घेतलं मी.” कुणी लावलं, ते त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं.

गिऱ्हाईक आलं तेव्हा त्या पाहुण्यांबरोबर आणि सेक्रेटरींबरोबर मीही लिफ्टमध्ये होतो. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. समोर वॉकर धरून काकू उभ्या. सेक्रेटरी पाहुण्यांना हिरवा दिवा दाखवत होते.

“जपून हं,” काकू पाहुण्यांना म्हणाल्या, “इथं पायरी आहे.”

पाहुणे खाली वाकून बघायला लागले.