करडा बर्फ

औलीच्या लॉजवर, दुपारच्या उन्हात काचेशी बसल्या बसल्या हेमांगीचे डोळे मिटू लागतात. मांडीवर कॅमेरा. सकाळपासून काढलेला प्रत्येक फोटो करडा आला आहे. डोळ्यांसमोर लखलखीत बर्फ आणि पडद्यावर नुसती राख. उद्या परत निघायचं. अक्काला, तिच्या थोरल्या बहिणीला, आयुष्यभर बर्फ बघायचा होता. आधी गुडघ्यांनी आणि मग कॅन्सरने ते राहूनच गेलं, आणि अक्काही गेली. तिच्यासाठी म्हणून हेमांगी एकटी इथवर आली, आणि नेणार काय, तर हे.

"दाखव बघू," शेजारून अक्का म्हणते.

हेमांगी दचकत नाही. अक्का चष्मा कपाळावर चढवून पडद्यात बघते.

"बर्फ असा असतो होय?"

"नाही गं. मलाच जमत नाहीये."

"तुला नाही, त्याला. इतकं पांढरं बघितलं की कॅमेरा बिचकतो. उजेड फार झाला असं वाटून हात आखडता घेतो. आपण सांगायचं, खरंच पांढरं आहे बाबा, घे उजेड."

बोलता बोलता दोघी कराडच्या घरातल्या न्हाणीघरात असतात. लाल दिवा, बादलीवर फळी, फळीवर ट्रे. शाळेत शिकवून आली की अक्का फोटो धुवायला इथेच कोंडून घ्यायची. हेमांगी नेहमीसारखी औषधाच्या पाण्यात हात घालून कागद हलवते. कागदावर डोंगर उमटतो, आणि न्हाणीला भिंती राहत नाहीत. पायांखाली बर्फ करकरतो. अक्का अनवाणी, सुती साडीत, चांगली ताठ चालते आहे.

"गार नाही वाटत?"

"गुडघे दुखत नाहीत, ते बघ की!"

"थांब तिथं. फोटो काढते."

"काढ. पण असाच काढलास तर माझं तोंड काळंठिक्कर येईल. उजेड दीड स्टॉप वाढव."

हेमांगी कॅमेऱ्यावरची उजेडाची चकती फिरवते. अक्काचा चेहरा हळूहळू उजळतो. गालावरचा देवीचा व्रण, हसताना मिटणारा डावा डोळा. मागचा बर्फ पांढराशुभ्र.

"अक्का, झालं ना गं तुझं बघून?"

"कुठलं! तो पलीकडचा उतार राहिलाय अजून." आणि ती वळून चालूही लागते.

हेमांगी बटण दाबते, आणि जागी होते.

ऊन कललं आहे. कॅमेऱ्यात सकाळचेच करडे फोटो. अक्का त्यात कुठेच नाही. हेमांगी गॅलरीत येते, चकती अधिक दीडवर नेते, पलीकडच्या उतारावर कॅमेरा धरते. या वेळी बर्फ बर्फासारखा येतो. भरून आलेले डोळे पुसायला ती हात वर नेते, तो नाकाशीच थांबतो. कराडचं ते घर पाडून कितीतरी वर्षं झाली. तरी तिच्या बोटांना फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास येतो आहे, आणि बोटांची टोकं ओली, सुरकुतलेली आहेत.