सपरीतला व्यवहारतोल

ये गं बाई, अशी जवळ ये. कागदावर का होईना, जवळ बस आणि ऐक. परवा फोनवर म्हणालीस, 'आजी, ते आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नाही, मी विषय सोडते.' आणि ठेवूनही दिलास. असा ठेवतात का फोन? तेव्हापासून पोळी लाटता लाटता हात थांबतो माझा.

हाच पेपर माझाही होता. तुला कधी सांगितलं नाही.

माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. शिक्षण मॅट्रिकपासून सगळं बाहेरून; कॉलेजचा वर्ग आतून कसा असतो ते मी परीक्षेपुरतंच पाहिलं. साठच्या पुढची ती वर्षं. परकीय चलन कमी पडतं असं वर्तमानपत्रात सारखं यायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वकील होते, ते मोठ्यानं वाचायचे, आणि स्वयंपाकघरात मला वाटायचं, हे आपल्याला कळलं पाहिजे. अशी एम.ए.ला बसले. या एका पेपरानं पाडलं. मामंजी म्हणाले, "आणखी एकदा बस. नाही निघाला तर पुस्तकं बंद." तुझे आजोबा तिथेच उभे होते.

आता वाचायचं कधी? घर मोठं, थोरल्या जाऊबाई आणि मी, दोघी सुना. फुरसत मिळायची ती फक्त बाजूला बसलं की. महिन्याचे ते दिवस आले की बाईनं मागच्या सपरीत, म्हणजे कडबा ठेवायच्या पडवीत, बसायचं, कशाला शिवायचं नाही, आणि तिचं काम दुसरीनं उरकायचं. इतर बायकांना ते नकोसं व्हायचं. मी वाट बघायची. पण त्या दिवसांत पोथीपुस्तकालाही हात लावायचा नसे. भावानं अमरावतीच्या कॉलेजातून स्वतःच्या नावावर आणलेलं जाडं इंग्रजी पुस्तक मी भीत भीत दाखवलं. सासूबाईंनी लांबूनच पाहिलं, जरा विचार केला.

"इंग्रजी आहे ना? मंग त्याले कायचा विटाळ. ते अगोदरच विटाळलेलं आहे."

मराठीत असतं तर माझं शिक्षण तिथेच संपलं असतं.

तर सपरीत, कडब्याच्या वासात, तसलाच इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचायची. आणि एका वाक्याशी अडले. देशाचा व्यवहारतोल, म्हणजे बाहेरून आलेलं आणि बाहेर गेलेलं सगळं मिळून, नेहमी जुळतोच. नेहमी? मग मामंजी रोज वाचतात ती टंचाई कुठली? पुन्हा वाचलं, शब्द शब्द फोडून वाचलं. विचारायला माणूस नाही. पुस्तक भिंतीवर आपटावंसं वाटे, पण ते भावाच्या नावावर होतं.

त्याच हिवाळ्यात मला दिवस राहिले. घरात आनंद झाला, शेजारी साखर गेली. मी मात्र कोठीच्या दाराआड तोंडात पदर कोंबून रडले. मूल नको होतं म्हणून नाही गं, तुझी आईच ती. सपरी गेली म्हणून. आता बाळंतपणापर्यंत मला बाजूला बसणं नाही, म्हणजे वाचणं नाही. उलट जाऊबाई बाजूला बसल्या की त्यांचंही काम माझ्या अंगावर. चुलीचा धूर लागला की ओकारी यायची. पाण्यानं तोंड धुवायचं आणि परत पोळ्या. परीक्षा अशी जवळ येऊन राहिलेली, आणि पुस्तक फळीवर.

जाऊबाई तशा तोंडानं तिखट. एकदा सपरीतून ओरडल्या, "ते तांदूळ इकडे दे, मी निवडतो. सुक्या धान्याले चालते. तू बस तिकडे उंबऱ्यावर आन् वाच. मोठ्यानं वाच, मले वाटू दे कोणी बोलून राहिलं."

मी वाचलं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काय लिवलं आहे त्याच्यात?" मी जमेल तसं सांगितलं: तूट पडली की कुठूनतरी भरतेच, म्हणून ताळा जुळतो.

"हो का? तू बाजूला बसली का तुयं काम मी करतो, मी बसलो का तू करतं. घरचा ताळा रोज जुळते." त्यांनी सूप आपटलं. "मंग माही कंबर कावून दुखते?"

मी हसले, आणि हसता हसता ते अडलेलं वाक्य पुन्हा काढलं. तूट भरून निघते, पण ती कुणाच्या तरी साठवणीतून, तिजोरीतून, कंबरेतून. कागदावर तोल सांभाळलेला, आणि आत कुणीतरी रिकामं होत चाललेलं. बाई, त्या दिवशी मला वाटलं, सुटले.

पण विनिमयदराचा धडा राहिलाच. वेळच मिळाला नाही. एप्रिलात बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेले, सारा रस्ता देवाला सांगत होते, तेवढा येऊ देऊ नको. प्रश्नपत्रिका हातात आली. पहिलाच प्रश्न, सक्तीचा, विनिमयदर. चलनाची किंमत उतरवली तर व्यवहारतोलाचं काय होतं. आत तुझी आई लाथा मारत होती, घामानं कागद ओला, भोवती सगळी मुलं खाली मान घालून लिहीत होती. मला काही येत नव्हतं. उठून जावं, तर पुन्हा येणं नाही. मग जे येत होतं तेच लिहिलं: एका घरात दोन सुना असतात. पानंच्या पानं लिहिली. सपरी, चूल, कंबर, सगळं. तपासणाऱ्या कुण्या गृहस्थानं काय वाचलं असेल, कोण जाणे.

नापास झाले. मामंजी रागावले असते तर मी भांडले तरी असते. ते म्हणाले, "बरं," आणि जेवायला बसले. भाऊ आला, पुस्तक घेऊन गेला. पेपरात काय लिहिलं ते फक्त जाऊबाईंना सांगितलं होतं; त्या म्हणाल्या, "माह्या कंबरेनं बुडवलं तुले," आणि माझ्या ताटात त्यांच्या वाटणीचं तूप ओतलं.

तेव्हापासून तो धडा राहिलाय. किंमत उतरली की तोल सावरतो की आणखी जातो, मला अजून माहीत नाही. तुला विषय सोडायचाच असेल तर सोड, मी अडवणार नाही. पण आधी ये. येत्या सुट्टीतच ये, पुस्तक घेऊन ये, आणि तेवढा एक धडा माझ्यापाशी बसून मोठ्यानं वाच. तांदूळ मी निवडते.