पाणी दिसत नसेल तर

बॉयलरकाका भित्रे होते, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. फायरमन म्हणून, म्हणजे कारखान्यांत बॉयलर चालवण्यात, जन्म घालवलेला हा अमळनेरकडचा उंच माणूस बॉयलरच्या खोलीत शिरण्याआधी दाराशी थांबून कान देई. आतला आवाज ओळखीचा वाटला तरच पाऊल टाकी. "घाबरणारा फायरमनच म्हातारा होतो," असं म्हणून ते आपल्या पांढऱ्या केसांकडे बोट दाखवत.

सिल्वासात बॉयलर दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका लहानशा एजन्सीत आम्ही दोघं होतो. मी लग्नानंतर नाशिकहून इथे आले. मालकांनी मला वेबसाइटसाठी ब्लॉग लिहायला बसवलं होतं. लोकांनी तो वाचावा आणि दुरुस्तीला आम्हालाच बोलवावं, एवढी अपेक्षा. माहिती काकांची, शब्द माझे.

"गिऱ्हाईक नंतर बेटा, आधी वाचणारा माणूस धर," काका म्हणत. "तो एकटा उभा आहे, हाताला घाम सुटून राहिलाय. त्याला काय पाहिजे, ते पहिल्या ओळीत दे." मला ते कळे, पण पटत नसे. घाबरलेला माणूस कधी गिऱ्हाईक होतो का? मी मथळे चमकदार करायची आणि वाक्यं छाटायची. काका मात्र प्रत्येक लेख दोनदा तपासत आणि छाटलेलं बरंचसं परत घालायला लावत.

एकदा ते रजेवर असताना मालकांना लेख तातडीने हवा होता. मी 'बॉयलरचं पाणी कमी झालंय? पाच सोपे उपाय' असा लेख परस्पर टाकून दिला. काकांनी सांगितलेलं एक वाक्य त्यातून गाळलं. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी अजिबात दिसत नसेल, तर पाणी भरू नका, आग बंद करा आणि लांब व्हा. तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं तर तो फुटू शकतो. हे वाचून वाचक पळून जाईल, असं मला वाटलं होतं. लेख भराभर पसरला, चौकशीचे फोन आले, मालक खूश झाले.

काका कामावर परतले त्या दिवशी दुपारी आणखी एक फोन आला. बोलणारा मूळ नंदुरबारकडचा, इथल्याच एका कारखान्यातला फायरमन होता; कारखान्याचं नाव त्याने आधीच सांगितलं. "ताई, तुमचा लेख वाचूनच फोन लावलाय. काचेत पाणी दिसतच नाही. आधी व्हॉल्व्ह उघडू का पंप चालू करू?"

मी फोन काकांच्या हातात दिला आणि कसंबसं सांगितलं, पाणी दिसत नाहीये. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, आवाज मात्र अगदी सावकाश निघाला. "पंपाला हात लावू नको. आग बंद कर. केली? आता बाहेर नीघ. सगळ्यांना घेऊन पळ."

फोन कट झाला. पुन्हा लावला तर नुसता वाजत राहिला.

कारखाना खानवेलच्या रस्त्याला होता. माझ्या स्कूटरवर काका मागे बसले. पत्र्यांच्या छपरांवर कुठे वेगळा धूर दिसतो का, ते मी बघत होते. समोरच्या टेम्पोचं फाळकं आपटलं तेव्हा मी ब्रेकच दाबला. "चालव," काका म्हणाले. तो माणूस मेला असेल तर मी त्याच्या घरी काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

फाटकाबाहेर कामगार घोळक्याने उभे होते. त्यांत फोन करणाराही होता, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मोबाईल आतच टाकून पळाला होता. काकांनी संध्याकाळपर्यंत कोणालाही आत सोडलं नाही. बॉयलर निवल्यावर स्वतः पाहून आले आणि म्हणाले, आतल्या नळ्या वाकल्यात.

परतताना त्यांनी वाटेत स्कूटर थांबवायला सांगितली, फायरमनने सांगितलेला लेख माझ्या मोबाईलवर वाचला आणि विचारलं, ते वाक्य कुठे गेलं. वाचणारा घाबरू नये म्हणून काढलं, असं मी सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"माझा कामावरचा जोडीदार होता," ते म्हणाले. "नवा होता. त्याने असाच पंप चालू केला. मी चहा आणायला गेलो होतो. हे वाक्य त्याला सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही लेख नव्याने लिहिला. ते वाक्य मथळ्यात गेलं, जाहिरात सगळी गेली. वाचणारे निम्म्यावर आले आणि मालक कुरकुरले. पण पुढे एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने लेखाची प्रत बॉयलरच्या खोलीत चिकटवली आणि वर्षभराचं काम आम्हाला दिलं. धोका लपवत नाहीत अशीच माणसं त्यांना हवी होती.

काकांची नजर गेली तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना अमळनेरला नेलं. मागच्या वर्षी ते वारले. मी भेटायला गेले तेव्हा मुलगी म्हणाली, शेवटच्या महिन्यात त्यांनी आमचे सगळे लेख तिच्याकडून वाचून घेतले होते. एका ठिकाणी त्यांनी तिला थांबवलं होतं. "यात 'लांब व्हा' लिहिलंय. किती लांब, ते नाही. बेटाला सांग, फाटकाच्या बाहेर."

मी तिथेच, त्यांच्या रिकाम्या खाटेशेजारी बसून, मोबाईलवर ते वाक्य दुरुस्त केलं. चारदा वाचलं. तपासायला काका नव्हते, आणि लेख परत टाकायचं बटण दाबायला बोट धजेना.