निघालेल्या माणसाला विचारा

पहिल्या संध्याकाळी किनवटच्या जंगलात कॅम्प लावला, तेव्हाच माझं डोकं तापायला सुरुवात झाली होती. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाल्यापासून मी लोह्याजवळच्या गावी शेती पाहतो. नांदेडच्या प्रशांतनं सहलींचा धंदा काढलाय. त्यानं गळ घातली, की शहरातल्या लोकांना जंगलात जगायला शिकवा. पाणी शोधणं, चकमकीनं जाळ करणं, पाल्याचा निवारा बांधणं, वाट चुकली तर काय करायचं ते. हे सगळं आम्ही फौजेत उस्तादांच्या शिव्या खात शिकलो. हे लोक रजा टाकून हौसेनं शिकायला आले होते.

आले होते नांदेड-लातूरकडचे डझनभर लोक. मास्तर, बँकेतले साहेब, दातांच्या एक डॉक्टरीणबाई. खायला काही आणायचं नाही, असा माझा हुकूम होता. निम्म्यांच्या बॅगांत चिवडा निघाला. उरलेल्या बहुतेकांची नेमकी चतुर्थी होती, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी. उपाशी राहायला शिकवायच्या कॅम्पात उपवासवाल्यांनीच सगळ्यात जास्त खाल्लं. मी हात टेकले.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावली. फौजेतली बडी पद्धत. दोघांची जोडी करायची. एक जण कॅम्पाबाहेर निघाला, तर त्याच्या बडीनं विचारायचं, कुठे निघालास, कुठल्या बाजूनं जाणार, कधी परत येणार. उत्तर मिळाल्याशिवाय सोडायचं नाही. शिवाय प्रत्येकाला गळ्यात अडकवायला शिट्टी दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हजेरी घेतली, तर लातूरचे देशमुख सर नाहीत. साठीचा माणूस, गणिताचे मास्तर. शिट्टी त्यांच्या बॅगेवर नीट ठेवलेली. शिट्टी पीटीच्या मास्तरनं वाजवायची असते, असं ते सकाळी म्हणाले होते. त्यांची बडी म्हणजे त्यांची बायको, सुनंदाताई.

"सर कुठं गेले?" मी विचारलं.

"काय की."

"तुम्ही विचारलं नाही?"

"निघालेल्या माणसाला कुठं म्हणून कसं विचारावं, भाऊ? अपशकुन असतोय."

मी कपाळाला हात लावला. निदान जाताना ते काय म्हणाले, ते तरी सांगा म्हटलं. 'येतो' म्हणाले होते. आता एवढ्या जंगलात कुठल्या बाजूला शोधायचं? चहूकडं साग, आणि आमच्या हातात एक 'येतो'.

तोवर ताईंचा चेहरा उतरला होता. सरांना साखरेचा आजार आहे, हे तेव्हा कळलं. कॅम्पातून घरी पाठवतील म्हणून दोघांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि नंतर पोटात काही नाही, कारण हवालदार साहेबांचा हुकूम. अख्ख्या कॅम्पात माझा तो हुकूम पाळणारा हा एकटाच माणूस निघाला. मला रडावं की हसावं कळेना. पण वेळ थोडा होता. साखर उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, की जंगलात हाक मारून काही उपयोग नसतो.

सोबत काय नेलं, ते विचारलं. रिकामी बाटली. आम्ही उकळलेल्या पाण्याला धुराचा वास येतो, अशी सरांची सकाळपासून कुरकुर चालू होती. म्हणजे माणूस उताराला, नाल्याकडं गेला असणार. प्रशांतला वॉकीटॉकी देऊन नाल्याच्या वरच्या अंगाला पाठवलं. मी खालच्या अंगाला गेलो.

"प्रशांत, रिपोर्ट. ओव्हर."

"इकडं काहीच न्हाई, सर. नुसते दगड हायत."

"हाका देत राहा. ओव्हर."

सर पुढच्या वळणावर सापडले. सागाच्या बुडाशी बसलेले, शर्ट घामानं चिंब, जीभ जड, कॅम्पाकडं पाठ. गिळता येतंय हे पाहून खिशातला गूळ थोडा थोडा त्यांच्या तोंडात घातला. हळूहळू नजर ठिकाणावर आली.

"मी येतच होतो," ते म्हणाले.

 मी वॉकीटॉकीवर प्रशांतला सांगितलं, "सापडले. ठीक आहेत. ताईंना कळव. ओव्हर अँड आउट."

कॅम्पात परतल्यावर मात्र मी सगळ्यांदेखत ताईंवर आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमचं खरं हाय, भाऊ. पण जीभच रेटत न्हाई. काही बरं-वाईट झालं, तर माझ्या विचारण्यानंच झालं असं वाटंल."

त्यावर मला पुन्हा ओरडता येईना. हे वाक्य मी आधी एका बाईच्या डोळ्यांत पाहिलं होतं. म्हणून मग खाली बसलो आणि त्या सगळ्यांना नायक बालाजीची गोष्ट सांगितली.

बालाजी औशाकडचा. बर्फातल्या पोस्टवर माझा बडी. एका सकाळी टेलिफोनची लाइन तुटली, ती जोडायला तो निघाला. मी विचारलं, कुठे? तो वैतागला. "निघताना कुठं इचारतात का, साहेब?" म्हणाला. पण हुकूम होता, म्हणून सांगितलं, "खालच्या खांबापर्यंत. उजव्या कड्यानं." तो गेला आणि वरचा बर्फ कोसळला. आम्ही उजव्या कड्यालाच खणत राहिलो. बालाजी सापडला, पण जीव नव्हता. शेजारच्या पोस्टवरचा एक जवान त्याच बर्फात गेला. तो कुठल्या वाटेनं निघाला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो सापडलाच नाही; त्याच्या घरी नुसते वर्दीचे कपडे गेले.

बालाजीला घेऊन मी त्याच्या गावी गेलो. सगळं आटोपल्यावर त्याच्या मायनं मला जवळ बोलावलं आणि एवढंच विचारलं, "निघताना माझ्या लेकराला कुणी कुठं म्हणून इचारलं होतं का?"

"मी विचारलं होतं, माय," मी म्हणालो. "म्हणून तर त्याला घरी आणता आलं."

 ती उठून आत गेली.

दरवर्षी बालाजी गेला त्या दिवशी मी त्याच्या मायकडं जातो. पहिली काही वर्षं ती जेवायला वाढायची, पण निरोप द्यायला बाहेर यायची नाही. आता येते. मी चपला घातल्या, की दारात उभी राहून विचारते, "कुठं निघालास, बाबा?" मी गावाचं नाव सांगतो, कुठल्या वाटेनं जाणार ते सांगतो. तिनं मान हलवली, की मग निघतो.